कारंजा की वाशिम?

मंगरूळपीरच्या स्टँडवर कंडक्टर विचारतो, "कुठी जाता, कारंजा का वाशिम?" दोन्हींकडे जाऊ, फक्त काळ मागे सोडत. १९९८ ओलांडलंत की वाशिम जिल्हा गायब, तुम्ही अकोल्यात. १९०५ ओलांडलंत की इंग्रजांचा बाशिम जिल्हा पुन्हा हजर. सरकारं असे खेळ करतच असतात. गावाच्या नावातले पीर, हयात कलंदर, मात्र हलत नाहीत. माणूस थेट पत्त्यात जाऊन बसला, याहून मोठी प्रसिद्धी कोणती?

आधी कारंजा. चौदावं शतक सरत आलंय, माधव आणि अंबा यांच्या दारी मुंजीचा मांडव पडलाय. बायका कुजबुजताहेत: पोरगं 'ॐ'खेरीज बोलत नाही, गायत्री कशी म्हणणार? तुम्ही दाटीत टाचा उंच करून बघता. अंबा भिक्षा घालते आणि पोराच्या तोंडून ऋग्वेद सुटतो. दुसऱ्या भिक्षेला यजुर्वेद, तिसऱ्या भिक्षेला सामवेद. गुरुचरित्रात असंच आहे. मांडव थक्क होतो, पण तुम्ही अंबेकडे बघा. लेकाचा आवाज आत्ता कुठे कानी पडला, आणि तो घर सोडून तीर्थांना निघण्याची आज्ञा मागतोय. पुढे गाणगापूरला लाखो लोक ज्यांच्या पादुकांवर डोकं ठेवतील, ते हे नृसिंहसरस्वती. आईला त्याचं काय!

आता वाशिम, म्हणजे वत्सगुल्म. चौथं शतक. गादीवर वाकाटकांचा सर्वसेन. राजा असून कवी, आणि लिहितो महाराष्ट्री प्राकृतात. 'हरिविजय' चाललंय: सत्यभामेसाठी कृष्ण स्वर्गातला पारिजात आणतोय. सगळं कळत नाही, पण मधूनच एखादा शब्द ओळखीचा वाटतो. मराठीची पणजीच ती. खिशातला मोबाइल काढा आणि रेकॉर्ड करा, लाजू नका! कारण हे काव्य पुढे हरवणार आहे. उरतील ती इतरांनी उद्धृत केलेली सुटी पद्यं. रसासाठी कथा कशी वळवावी, हे सांगताना काश्मिरात आनंदवर्धन कालिदासाच्या जोडीला याच सर्वसेनाचं नाव घेईल. आपल्या वऱ्हाडात मात्र त्याच्या नावाचा साधा चौकही नाही आठवत.

त्याच्या मुलाचा, दुसऱ्या विंध्यशक्तीचा, ताम्रपट वाशिमलाच सापडला तो थेट १९३९ साली. तोवर वाकाटकांची ही शाखा इतिहासाच्या पुस्तकांतून जवळजवळ बाहेरच होती.

परतीच्या वाटेवर शिरपूरला उतरा. १९४८ साली इथे नामदेव कांबळे जन्मले. त्यांच्या 'राघववेळ' कादंबरीला १९९५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२१ साली त्यांना पद्मश्री. सर्वसेनाचं पुस्तक आता कुठल्याच दुकानात मिळायचं नाही. 'राघववेळ' मागून बघा.