उरलेल्या तुकड्यांचे मोल
मिसरी अवशेषांचा संग्रह आणि शास्त्राचे अध्ययन

सुरतेच्या दक्षिणेस, सचिन व उधना या स्थानकांच्या मध्ये भेस्तान हे लहानसे स्थानक आहे. त्याच्या परिसरात यंत्रमाग, कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने आणि कामगारांच्या वसाहती पसरल्या आहेत. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून ताप्ती मार्गाने पोटासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे या बाजूस स्थिरावली आहेत. येथून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीने काही तासांत बडोदे गाठता येते. तेथील सयाजीबागेतील संग्रहालयात खेड्यातून आलेला माणूस जी वस्तू आवर्जून पाहतो, ती म्हणजे मिसर देशाची ममी. पाळक व धर्मशिक्षक रविवारच्या शाळेतील मुलांना घेऊन तिच्यापुढे उभे राहिले, तर योसेफ, मोशे व फारो यांच्या कथा ओघानेच आठवतात. हीच का ती मिसर, असा प्रश्न मुलांच्या मनात उठतो. अशा वस्तू कोणी, कशा व कशासाठी गोळा केल्या आणि शास्त्राचे अध्ययन करणाराने त्यांच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. राजेरजवाड्यांचा संग्रह

बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. १८७५ साली ते दत्तक म्हणून गादीवर आले. शिक्षण, ग्रंथालये व संग्रहालय ही त्यांनी प्रजेच्या शिक्षणाची साधने मानली. संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, ममी न्यूयॉर्क येथून विकत घेण्यात आली. म्हणजे नाईल नदीच्या काठचा हा देह अमेरिकेला जाऊन मग गुजरातेत आला. कलकत्त्याच्या संग्रहालयातील ममी त्याहून जुन्या काळी, १८३४ मध्ये, एशियाटिक सोसायटीला मिळाली होती. जयपूर व हैदराबाद येथेही ममी आहेत.

सयाजीरावांचा हेतू लोकशिक्षणाचा होता, यात शंका नाही. परंतु ज्या बाजारातून अशा वस्तू येत, त्याचा इतिहास तितका निर्मळ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बेल्झोनी या इटालियन माणसाने ब्रिटिश वकील हेन्री सॉल्ट याच्यासाठी थडगी फोडून प्रचंड पुतळे बाहेर काढले. थडग्यांतून वाट काढताना आपल्या अंगाखाली ममींचा चुरा होत असे, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. १८३५ मध्ये मुहम्मद अली याने पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी केली. १८५८ मध्ये ऑगस्त मारिएत याच्या हाताखाली पुराणवस्तूंचे खाते सुरू झाले. तरी चोरटा व्यापार चालूच राहिला. या व्यापारात वस्तू हाती येते, पण तिची जागा हरवते. ती कोणाच्या घरातून वा थडग्यातून आली, तिच्याशेजारी काय होते, तिच्यावर कोणते थर साचले होते, हे सर्व कुदळीच्या पहिल्या घावाबरोबरच नाहीसे होते. काचेच्या पेटीत देह येऊ शकतो; थडगे येऊ शकत नाही.

२. मडक्यांच्या खापरांना वाचा

ही हानी ज्याने ओळखली, तो फ्लिंडर्स पेट्री (१८५३–१९४२) हा इंग्रज संशोधक होय. तो मिसरला कसा गेला, ही गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्कॉटलंडचे राजज्योतिषी पियाझी स्मिथ यांनी असा सिद्धांत मांडला होता की, गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या मोजमापांत ईश्वरी योजनेचे गणित साठवलेले आहे. पेट्रीच्या भाविक पित्याला हे मत पटले होते. तेच मत पक्के करण्याच्या हेतूने तरुण पेट्री १८८० च्या अखेरीस गिझाला गेला. दोन हिवाळे तो एका रिकाम्या थडग्यात राहिला व त्याने पिरॅमिड अत्यंत काळजीपूर्वक मोजला. मोजमाप सिद्धांताशी जुळेना. त्याने ते जसे आढळले तसेच १८८३ मध्ये प्रसिद्ध केले आणि सिद्धांत टाकून दिला. पुरावा शोधण्यास गेलेला माणूस सत्यापुढे नमला. त्याचे पुढील सर्व कार्य या एका प्रामाणिकपणावर उभे आहे.

इतर लोक पुतळे व सोने शोधत होते, तेव्हा पेट्री खापरे, मणी, सुया व फुटकी मडकी जपत होता. मजुराला लहानशी वस्तू सापडली तर बाजारात तिचा जो भाव येई, तेवढे बक्षीस तो त्याला स्वतः देई. म्हणजे वस्तू व्यापाऱ्याकडे जात नसे आणि तिची जागा टिपून ठेवता येई. मडक्यांचे आकार कसकसे पालटत गेले, हे पाहून त्याने शेकडो कबरींचा कालक्रम लावला. ज्या खापराला कोणी कवडीही दिली नसती, ते काळाचे मोजमाप ठरले.

१८८९–९० मध्ये त्याने काहून येथील वस्ती खणली. दुसऱ्या सेनुस्रेत राजाच्या पिरॅमिडच्या कामासाठी वसविलेले, सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीचे हे गाव. तेथे लाकडी अवजारे, मुलांचे चेंडू व भोवरे, उंदीर पकडण्याचा मातीचा सापळा, स्त्रियांच्या रोगांवरील वैद्यकाचा पपायरस आणि विटा थापण्याचा लाकडी साचा सापडला. काही घरांच्या जमिनीखाली लाकडी पेट्यांत पुरलेली तान्ही मुले होती. आपले मूल घराबाहेर दूर ठेवणे ज्यांना सोसले नसेल, त्या आईबापांचे दुःख या पेट्यांतून आजही कळते. सोन्याच्या मुखवट्यापेक्षा ही पेटी अधिक बोलकी आहे.

विटांच्या साच्याविषयी एक सावधगिरीचा शब्द. निर्गमाच्या पुस्तकातील विटा व पेंढा यांचे वर्णन वाचताना हा साचा डोळ्यांपुढे आणणे योग्य आहे, कारण चिखल, पेंढा व साचा ही पद्धत मिसरमध्ये हजारो वर्षे चालू होती. परंतु हा साचा इस्राएलांचाच, असे म्हणणे खोटे ठरेल. १८९६ मध्ये पेट्रीलाच मेर्नेप्ताह राजाचा शिलालेख मिळाला. त्यात ‘इस्राएल’ हे नाव आहे आणि तो इसवी सनापूर्वी १२०८ च्या सुमाराचा आहे. त्यावरून त्या काळी कनान देशात त्या नावाचे लोक होते, एवढे निश्चित होते; निर्गमाची कथा त्यात नाही. अवशेष जेवढे सांगतो तेवढेच ऐकावे. आपल्याला हवे ते त्याच्या तोंडी घालू नये.

३. उकिरड्यातील भाषा

१८९६–९७ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल व हंट हे ऑक्सफर्डचे दोन तरुण विद्वान मिसरमधील ऑक्सिरिंखस, म्हणजे आजचे अल-बहनसा, येथील उकिरडे खणू लागले. कोरड्या वाळूत शतकानुशतके टाकलेले कागदपत्र टिकून राहिले होते. असे सुमारे पाच लाख तुकडे निघाले आणि त्यांचे प्रकाशन आजही पुरे झालेले नाही. त्यांत शुभवर्तमानांची पाने आहेत; पण बहुतेक कागद भाडेपट्टे, कराच्या पावत्या, जेवणाची आमंत्रणे, दाईशी केलेले करार व घरी धाडलेली पत्रे असेच आहेत.

याच सामान्य कागदांनी नव्या कराराच्या अध्ययनास नवे वळण दिले. नव्या कराराची ग्रीक ही एखादी निराळी पवित्र भाषा असावी, असे पूर्वी अनेकांना वाटे. जर्मन विद्वान आडोल्फ डाइसमान यांनी पपायरस व खापरांवरील लिखाण ताडून दाखविले की, ती बाजारात, शेतात व घरात बोलली जाणारीच भाषा होती. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, लोकांना दिसावे म्हणून दानधर्म करणाऱ्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले, असे प्रभू म्हणतो. तेथील ग्रीक क्रियापद मिसरी पावत्यांवर नित्य आढळते. आपल्या जुन्या कागदांत ‘भरून पावलो’ असे लिहीत, तोच त्याचा अर्थ. हिशेब पुरा झाला, पुढे काही येणे उरले नाही! इफिसकरांच्या पत्रात पवित्र आत्म्याविषयी ‘विसार’ हा शब्द येतो. त्याचे मूळ ग्रीक रूपही खरेदीविक्रीच्या कागदांत आढळते. एका पत्रात तर गाईच्या विक्रीपोटी घेतलेल्या विसाराचा उल्लेख आहे. गुरांच्या बाजारात विसार देणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. एवढा मोठा प्रकाश उकिरड्यावर फेकलेल्या पावत्यांतून पडला.

४. गुजरातचे कापड मिसरच्या मातीत

कैरोजवळ फुस्तात हे जुने, उजाड झालेले शहर आहे. तेथील ढिगाऱ्यांतून सुती कापडाचे रंगीत तुकडे निघत व बाजारात विकले जात. पर्सी न्यूबेरी या मिसरविद्येच्या अभ्यासकाने असे तुकडे जमविले. त्यांतील बाराशेंहून अधिक तुकडे १९४६ पासून ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहेत. ते मिसरचे नव्हेत. ते आपल्या बाजूचे, मुख्यतः गुजरातचे, लाकडी ठशांनी छापलेले कापड आहे. निळीचा निळा व मुळांपासून काढलेला तांबडा हे त्यांचे मुख्य रंग. किरणोत्सर्गी कर्बाच्या परीक्षेवरून काही तुकडे इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आसपासचे ठरले आहेत. आपल्या दमट हवेत इतके जुने सुती कापड टिकत नाही; मिसरच्या कोरड्या मातीने ते राखून ठेवले.

या कापडातील बरेचसे जाडेभरडे असून अंगावरचे कपडे, अभ्रे व पडदे यांसाठी वापरलेले व ठिगळे लावलेले आहे. न्यूबेरीचे तुकडे मुख्यतः व्यापाऱ्यांकडून आल्यामुळे त्यांच्या मूळ जागा कळत नव्हत्या. पुढे १९७८ ते १९८२ या काळात तांबड्या समुद्रावरील कुसैर अल-कदीम या बंदरात शिकागोच्या संशोधकांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. तेथे तसेच छापील कापड थरांसह मिळाले व कालनिर्णयास आधार आला. भेस्तानच्या कारखान्यात आज कापड छापणाऱ्या कामगाराला हे सांगावे. ज्या ठसेकाराचे नाव कोणत्याही बखरीत नाही, त्याच्या हाताचा ठसा समुद्रापार हजार वर्षे टिकला आहे.

५. पुराव्याचा मोह

शास्त्रावर प्रेम करणारा माणूस या बाजारात लवकर फसतो. योहानाच्या शुभवर्तमानाचा प्रसिद्ध रायलंड्स तुकडा ग्रेनफेलने १९२० मध्ये मिसरमध्ये विकत घेतला व सी. एच. रॉबर्ट्स यांनी तो १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. तो अस्सल आहे; पण कोठे सापडला हे माहीत नसल्यामुळे त्याचा काळ केवळ अक्षरांच्या वळणावरून ठरवावा लागतो. म्हणून दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध की त्याहून पुढचा काळ, हा वाद अजून संपलेला नाही.

याहून कटू उदाहरण आपल्या काळातील आहे. वॉशिंग्टन येथे २०१७ मध्ये उघडलेल्या बायबल संग्रहालयाने मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे म्हणून मिळविलेले सोळाच्या सोळा तुकडे बनावट असल्याचे २०२० मध्ये तपासणीअंती सिद्ध झाले. २०२१ च्या जानेवारीत त्याच संग्रहातील सुमारे ५,००० मिसरी वस्तू, त्यांत पपायरसचे तुकडेही होते, मिसरला परत करण्यात आल्या. संग्रह करणाऱ्यांचा हेतू शास्त्राचा सन्मान करणे हाच होता. परंतु विक्रेत्याला ‘ही वस्तू कोठून आणली?’ असे विचारण्याची दक्षता राहिली नाही, आणि सन्मानाच्या जागी लज्जा आली. असत्याच्या आधाराने सत्याची सेवा होत नाही.

पवित्र भूमीच्या यात्रेस जाणाऱ्या आपल्या बांधवांनाही हा मोह होतो. दुकानदार शेण्या किड्याच्या आकाराची मुद्रा किंवा जुना दिवा पुढे करतो व तो फारोच्या काळचा असल्याची शपथ घेतो. वस्तू नकली असेल तर पैसे गेले. खरी असेल तर ती बहुधा चोरीची असते, कारण १९८३ च्या कायद्याने मिसरमध्ये पुरातन वस्तूंचा व्यापार व निर्यात बंद करण्यात आली आहे. यात्रेहून आणावयाचे असेल तर चांगले चित्र वा नकाशा आणावा. शिकवणीच्या कामी तो अधिक उपयोगी पडेल.

६. आपल्या दाराशी

मग संग्रह करूच नये काय? तसे नव्हे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्री, दौती अशा घरगुती वस्तू जमविल्या. बालपणीच निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहास दिले व सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मोलमजुरी करणाऱ्या स्त्रीने पाय घासलेली वज्री राजाच्या तलवारीइतकीच इतिहासाची साक्षीदार आहे, हे त्यांनी आपल्याला शिकविले.

आपल्या मंडळ्यांतही असे धन आहे व ते रोज नष्ट होत आहे. बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या वाळवीच्या तोंडी पडतात. हाताने लिहिलेल्या भजनांच्या वह्या रद्दीत जातात. गाव सोडून भेस्तान-उधन्याकडे आलेल्या कुटुंबाने बरोबर आणलेले जुने पत्र, पहिला पगारपत्रक किंवा आजीचे शास्त्र खोली बदलताना हरवते. कायद्याप्रमाणेही शंभर वर्षांची वस्तू व ऐतिहासिक मोलाचे पंचाहत्तर वर्षांचे हस्तलिखित ‘पुरावशेष’ ठरते. १९७२ च्या अधिनियमाने त्यास संरक्षण दिले आहे. तेव्हा प्रत्येक पाळकाने व धर्मशिक्षकाने एवढे तरी करावे: जुनी वही कोरड्या जागी ठेवावी, तिची छायाप्रत काढून घ्यावी आणि प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवावी. ही कोणाची, कोणत्या गावची, केव्हाची व आपल्याकडे कोणी दिली, एवढ्या चार गोष्टी तीवर लिहाव्या. पेट्रीने खापरांसाठी जे केले ते याहून फारसे निराळे नव्हते.

पाच हजारांना जेवू घातल्यावर, काही फुकट जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करण्यास प्रभूने शिष्यांना सांगितले. शिष्यांनी ते टोपल्यांत भरले, आणि त्या टोपल्या मोजल्या गेल्या म्हणूनच त्यांची संख्या आज आपल्याला ठाऊक आहे. बडोद्याच्या ममीपुढे मुलांना अवश्य न्यावे. परतल्यावर त्यांना आपल्या मंडळीची जुनी नोंदवही उघडून दाखवावी व तीत त्यांच्या पणजोबांचे नाव शोधण्यास सांगावे.