जुने फोटो आणि कुटुंबाचा इतिहास : बेंगळूरूमधील मराठी घरांच्या निमित्ताने

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि दफ्तरे आठवतात. भिंतीवरचा पणजोबांचा फोटो किंवा कपाटाच्या तळाशी पडलेला अल्बम आपण साधनांत सहसा धरत नाही. पण सामान्य कुटुंबाचा इतिहास लिहायचा तर अनेकदा तेवढेच हाताशी असते. अशा फोटोवरून काय कळते, ते पडताळायचे कसे आणि फोटो कुठे फसवतो, हे तीन प्रश्न या टिपणात पाहू.

बेंगळूरूचे उदाहरण का?

१६३८मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळूरू घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. १६८७मध्ये शहर म्हैसूरच्या वडियारांकडे गेले, पण मराठी माणसे राहिली, आणि पुढेही येत गेली. कोणी फौजेतून आले, कोणी कारकुनीसाठी, कोणी शिवणकाम किंवा रंगारीचा धंदा घेऊन. तंजावरकडची मराठी घराणीही म्हैसूर संस्थानाच्या नोकरीत आली. १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण असलेले टी. आनंद राव हे त्यांपैकीच. शहरातील आनंद राव सर्कल त्यांच्या नावाने ओळखले जाते. अभिनेते रजनीकांत, म्हणजे शिवाजीराव गायकवाड, यांचा जन्मही १९५०मध्ये याच शहरातील मराठी घरातला.

अशा घरांत बोली मराठी, शाळा कन्नड आणि कचेरी इंग्रजी असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मूळ गाव कोणते, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. जुने कागद असलेच तर ते मोडीत असतात आणि घरात मोडी वाचणारे कोणी उरलेले नसते. फोटो मात्र कोणालाही पाहता येतो, म्हणून शोधाची सुरुवात तिथून होते.

वंशावळ आणि फोटो

घराण्याची नोंद ठेवण्याची आपली परंपरा जुनी आहे. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्या आहेत. उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्रात गावोगाव फिरून वंशावळ सांगणारे हेळवी आहेत. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी छापलेले कुलवृत्तांत आहेत. या नोंदी मोलाच्या आहेत, पण त्यांचा कणा बापाकडून मुलाकडे जातो. बाई येते ती कोणाची तरी पत्नी म्हणून. लग्नात नाव बदलण्याच्या रीतीमुळे तिचे माहेरचे नावही बहुधा गळून जाते.

फोटोत मात्र ती समोर बसलेली असते. विधवा आत्या, माहेरी राहिलेली बहीण, लहानपणी वारलेली मुलगी, वंशावळीत ज्यांना जागा मिळाली नाही ती माणसे ग्रुप फोटोत सापडतात. फोटो वंशावळीची चूक दुरुस्त करू शकतो, ही त्याची सर्वांत मोठी कामगिरी.

काळ कसा ठरवावा?

फोटोतला चेहरा पाहण्याआधी फोटो ही वस्तू पाहावी. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, सुमारे ६ × ९ सेंटीमीटरचा, पिवळट तपकिरी फोटो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला असू शकतो. हा आकार फ्रान्समधील दिस्देरी याने १८५४मध्ये पेटंट घेतल्यावर जगभर पसरला. तेव्हाच्या कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असे, म्हणून तो पिवळा पडतो. शतक संपता संपता जिलेटिनचा कागद रूढ झाला. चौकोनी, लहान, घरच्या अंगणात काढलेला कृष्णधवल फोटो असेल तर तो बडोद्यात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीसारख्या स्वस्त कॅमेऱ्याचा असू शकतो.

मग फोटो उलटा करावा. स्टुडिओच्या शिक्क्यात पुष्कळ काही असते. जी. के. वेल हा बेंगळूरूचा प्रसिद्ध स्टुडिओ १९१०चा. त्याचे नाव असेल तर फोटो त्याआधीचा नाही. पत्त्यात साउथ परेड असे असेल तर तो बहुधा १९४८पूर्वीचा, कारण त्या वर्षी या रस्त्याला महात्मा गांधींचे नाव दिले गेले. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल तर फोटो १९७२नंतरचा. यातही सावध राहावे: जुने छापील पुठ्ठे संपेपर्यंत वापरले जात, त्यामुळे पाच-दहा वर्षांचा फरक पडू शकतो.

फोटो कुठे फसवतो?

स्टुडिओतला फोटो म्हणजे घरातले दृश्य नव्हे. मागचा बाग किंवा महाल हा रंगवलेला पडदा असे. गोल टेबल, फुलदाणी आणि हातातले पुस्तक स्टुडिओचे असे. कोटही कधी कधी उसना. म्हणून ‘आजोबा सुटाबुटात होते, म्हणजे घर श्रीमंत होते’ असे म्हणता येत नाही. आपण कसे दिसावे, अशी त्यांची इच्छा होती, एवढे नक्की कळते, तोही इतिहासच.

मागचा मजकूरही तपासावा. नावे पुष्कळदा वीस-तीस वर्षांनी, आठवणीने लिहिलेली असतात. शाई आणि हस्ताक्षर फोटोच्या काळाशी जुळते का, ते पाहावे.

काम कसे करावे?

फोटोच्या दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. मूळ फोटोवर बॉलपेनने लिहू नये. लिहायचेच तर मागे कडेला, मऊ पेन्सिलीने. प्रत घेऊन घरातील वडीलधाऱ्यांकडे जावे आणि परवानगीने बोलणे ध्वनिमुद्रित करावे. ‘हे कोण?’ एवढ्यावर थांबू नये. ‘आजीला माहेरी काय म्हणत?’, ‘या फोटोच्या वेळी घर कुठल्या पेठेत होते?’, ‘कोण यायचे राहिले?’ असे विचारावे. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवावीत. त्यानंतर शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, जमिनीचे कागद यांच्याशी मेळ घालावा.

हे काम आता घराबाहेरही होत आहे. अनुषा यादव यांनी २०१०मध्ये सुरू केलेल्या इंडियन मेमरी प्रोजेक्टमध्ये देशभरातील कुटुंबांचे जुने फोटो त्यांच्या हकिकतींसह जमवले गेले. बेंगळूरूमध्ये २०२३मध्ये खुल्या झालेल्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीच्या संग्रहातही जुने भारतीय फोटो पाहता येतात.

समारोप

शेवटी जे फोटोत नाहीत त्यांचा विचार करावा. स्टुडिओत जाणे पुष्कळ कुटुंबांना परवडत नव्हते. त्यांच्याकडे फोटो नाही म्हणजे इतिहास नाही असे नव्हे. आणि ज्यांच्याकडे फोटो आहे त्यांच्यासाठीही वेळ थोडा आहे. कागद शंभर वर्षे टिकतो, पण त्यावरची माणसे ओळखणारी शेवटची व्यक्ती गेली की तो अनोळखी चेहऱ्यांचा फोटो होतो. म्हणून स्कॅनर मिळायची वाट न पाहता आधी आजीला विचारावे.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील सर्वांत जुना फोटो निवडा. केवळ वस्तू म्हणून पाहून त्याचा काळ ठरवा आणि कारणे लिहा.
२. त्यातील एका स्त्रीचे माहेरचे नाव आणि गाव शोधा. माहिती कोणाकडून मिळाली तेही नोंदवा.
३. ‘स्टुडिओतील फोटो वास्तव दाखवत नाही, तरी तो पुरावा असतो’ या विधानाची चर्चा करा.