ओढल्या जाणाऱ्या गाडीचा ब्रेक

मागून ओढल्या जाणाऱ्या गाडीला स्वतःचे ब्रेक लागतात, कारण थांबताना तिचे सारे वजन पुढच्या गाडीला ढकलते. रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात हे काम माणसांच्या हातांवर होते. इंजिनाची शिट्टी ऐकून गार्ड हातब्रेक आवळत असे. अमेरिकेत ब्रेकवाले धावत्या मालगाडीच्या टपांवरून जात एकेका डब्याच्या ब्रेकचे चाक फिरवत. टपावरून घसरून कित्येक जण मेले.

१८६९ साली जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी दाबलेल्या हवेचा ब्रेक आणला. इंजिनातून नळीत हवा सोडली की सगळ्या डब्यांचे ब्रेक लागत. मात्र नळी तुटली तर ब्रेकच उरत नसे. १८७२ मध्ये त्यांनी ही रीत उलटी केली. नळीत दाब कायम भरलेला ठेवायचा; तो घटला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेक लावणार. म्हणजे गाडी तुटली, तर तुटण्यामुळेच ती थांबणार. या विषयातली सर्वांत मोलाची कल्पना हीच.

तरी ती सगळीकडे लगेच आली नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्माजवळ मुलांच्या सहलीची गाडी चढावर अडकली. तिचा व्हॅक्यूम ब्रेक आपोआप लागणारा नव्हता. कर्मचाऱ्यांनी गाडीचे दोन भाग केले. सोडलेल्या दहा डब्यांना एक हातब्रेक आणि चाकांखालचे दगड एवढाच आधार उरला. पुढचा भाग किंचित मागे सरकून धक्का बसला आणि डबे उतारावरून घरंगळत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण दगावले, त्यांत बरीच मुले होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. उपाय सतरा वर्षे आधीच हाताशी होता, हे वाचताना जीव कळवळतो.

रस्त्यावर हाच प्रश्न मोटरहोमच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या, मागे ओढल्या जाणाऱ्या मोटारीबाबत येतो. १९६६ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या विनेबागो कंपनीच्या कारखान्यात मोटरहोम बनू लागले. मुक्कामी पोहोचल्यावर हिंडायला छोटी मोटार मागे जोडून नेण्याची चाल अमेरिकेत रुळली. अशा मोटारीचे इंजिन बंद असल्याने ब्रेकला व्हॅक्यूमची मदत मिळत नाही आणि पॅडल कडक होते. म्हणून चालकाच्या सीटपुढे एक पेटी ठेवतात. वेग कमी होत असल्याचे ओळखून तिचा दांडा पॅडल दाबतो. काही रचना मोटरहोमच्याच हवेच्या ब्रेकवर चालतात. जोडणी निसटली तर एक बारीक तार ताणली जाते, स्विचची पिन निघते आणि मोटारीतल्या बॅटरीच्या जोरावर तिचे ब्रेक लागतात.