सीआरपी, ईएसआर आणि रक्ताचा सांगावा



मागच्या पावसाळ्यात जिंतूर तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला मी गेले होते. पाच महिन्यांची गरोदर असलेली आपली एक मैत्रीण रक्ताचा रिपोर्ट घेऊन आली. "ताई, बघा की, ह्यात सीआरपी लिहिलंय, ईएसआर लिहिलंय." दुसरी म्हणाली, "अगं, आपली सीआरपी ताई तर इथंच बसलीय!" सगळ्या हसल्या. हिच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. सीआरपी ठीक होतं, पण ईएसआर ५२ होता. "रक्त बिघडलंय," असं शेजारच्या कुणीतरी सांगितलं होतं. मोठ्या तपासण्यांसाठी तिला गटातून पाच हजारांचं कर्ज हवं होतं.

म्हणून आज या दोन तपासण्यांची गोष्ट सांगते.

जुन्या काळी युरोपात वैद्य आजारी माणसाचं रक्त भांड्यात काढायचे. ते गोठताना वर फिकट थर धरायचा. तो थर म्हणजे दूषित कफ, असं ते समजायचे. खरं कारण वेगळं होतं. आजारात तांबड्या पेशी भरभर खाली बसत होत्या. १८९७ साली, आपल्याकडं मुंबई-पुण्यात प्लेगची साथ होती तेव्हा, पोलंडच्या एडमंड बिएरनाकी या डॉक्टरांनी दाखवलं, की पेशी खाली बसण्याचा वेग रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनावर अवलंबून असतो. हे प्रथिन वाढलं की पेशी भाकरीच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि लवकर तळाला जातात. एका तासात त्या किती मिलिमीटर खाली बसल्या, तोच ईएसआरचा आकडा.

आता सीआरपी. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस हे दोघं न्यूमोनियाच्या रोग्यांचं रक्त तपासत होते. त्या जंतूतल्या 'सी' नावाच्या पदार्थाला चिकटणारं काहीतरी त्यांना रक्तात सापडलं. रोगी बरा झाला की ते नाहीसं व्हायचं. तेच सीआरपी. आधी वाटलं, ते फक्त न्यूमोनियात असतं. पुढं कळलं, की दुसऱ्या आजारांत, मोठ्या जखमेत, ऑपरेशननंतरही ते वाढतं. शरीराला कुठं इजा झाली, सूज आली, की सांगावा लिव्हरपर्यंत पोचतो. लिव्हर काही तासांतच सीआरपी जास्त बनवू लागतं. कधीकधी ते शेकडो पटींनी वाढतं. कोरोनाच्या काळात डॉक्टर हा आकडा सारखा बघायचे, तो याचसाठी.

पण घरावर धूर दिसला म्हणजे चूल पेटलीय की गंजी, हे लांबून कळत नाही. तसंच हे आकडे अंगात काहीतरी चाललंय एवढंच सांगतात. काय चाललंय, ते माणूस तपासूनच कळतं.

आणि आपल्या मैत्रिणीसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढंच आहे. १९१८ च्या सुमारास स्वीडनचे रॉबिन फेरेउस यांना दिसलं, की गरोदर बाईच्या रक्तातल्या पेशी लवकर खाली बसतात. यावरून गरोदरपण ओळखता येईल का, असाही विचार त्यांनी केला. म्हणजे गरोदरपणात ईएसआर वाढतोच. रक्त कमी असेल तर आणखी वाढतो. आपल्या मैत्रिणीचं हिमोग्लोबिन ८ होतं! ती कागद घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की ईएसआरची भीती नको, उपचार रक्त वाढवण्याचे हवेत. पाच हजारांचं कर्ज टळलं.

रक्त कमी असण्याचा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आहे. त्यात एक मेख अशी, की अंगातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन हे प्रथिनसुद्धा सूज किंवा ताप असताना वाढतं. साठा संपत आलेला असला तरी रिपोर्ट चांगला दिसू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं, की जिथं संसर्ग जास्त आहेत तिथं फेरिटिनसोबत सीआरपीही बघावं.

तेव्हा मैत्रिणींनो, नुसत्या आकड्याला घाबरून कर्ज काढू नका. आकडा चांगला आहे म्हणून ताप, लघवीची जळजळ किंवा अंगावरून जाणं लपवूही नका. रिपोर्ट दाखवताना डॉक्टरांना सांगा: गरोदर आहे का, ताप आहे का, जखम झाली होती का, रक्त किती आहे. रक्त आपला सांगावा देतं. बाकीचं आपल्यालाच तोंडानं सांगावं लागतं.