उजाड पुणें पुन्हा कसें वसलें

उजाड गांव पुन्हा कसें वसतें, याचा दाखला पुण्याच्या इतिहासांत आहे. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें पुणें जाळलें. गाढवांचा नांगर फिरविला असें सांगतात. पुढें जिजाबाई बाल शिवाजीसह येथें आल्या. दादोजी कोंडदेवांनीं शेतसाऱ्यांत सूट दिली, लांडगे मारणारांस इनामें दिलीं, रयत परतली. जिजाबाईंनीं कसब्यांत गणपतीचें देऊळ बांधविलें. पोट, निर्भयता आणि एकत्र जमण्याची जागा, या तिहींवर गांव वसलें. आज जुन्या पेठांतील वाडे पाडून नव्या इमारती उठत आहेत. तेथील भाडेकरू, लहान दुकानदार व कारागीर यांस परवडेल अशी जागा तेथेंच मिळावी, हा पुनर्रचनेचा पहिला नियम असावा.