कॉलेजचा संगणक : खानदेशातील एका खरेदीचा इतिहास

महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या मुलाला वा मुलीला कोणता संगणक घेऊन द्यावा, हा प्रश्न आज जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत प्रवेशाच्या दिवसांत घरोघरी निघतो, आणि दुकानदार, शेजारचा नोकरदार, पुण्यास असलेला आतेभाऊ अशा अनेकांच्या सल्ल्याने त्याचा एकदाचा निकाल लागतो. वरकरणी हा प्रश्न बाजारभावाचा दिसतो. तथापि त्याच्यामागे सुमारे चार दशकांचा इतिहास उभा आहे, आणि तो मुख्यत्वे एका स्थित्यंतराचा इतिहास आहे : जे साधन पूर्वी संस्थेच्या मालकीचे होते व विद्यार्थ्याने तेथे जाऊन वापरावयाचे होते, ते हळूहळू पालकाच्या जमाखर्चातील एक कलम होऊन बसले. हे स्थित्यंतर कोणा एका हुकुमाने घडले नाही, आणि म्हणूनच त्याची नोंद करून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

साधन संस्थेचे आणि अभ्यास विद्यार्थ्याचा, हा शिरस्ता खानदेशास नवा नव्हता. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून जमविलेली हस्तलिखिते धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात ठेविली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्याच नगरात इतिहासाचार्य राजवाडे निवर्तल्यावर त्यांच्या संग्रहाचे जतन करण्यासाठी राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. आणि या दोन्ही ठिकाणी अभ्यासकाने यावे, रुमाल सोडावा, टिपण करावे आणि रुमाल पुन्हा बांधून जागच्या जागी ठेवावा, हीच रीत राहिली. १९४५ च्या सुमारास जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्याची स्वतःची मालमत्ता म्हणजे लॉगॅरिदमची कोष्टके, एक फाउंटन पेन आणि कंपासपेटी. तराजू, सूक्ष्मदर्शक, काचेची उपकरणे ही सारी प्रयोगशाळेची. वाणिज्याच्या विद्यार्थ्याचेही तसेच होते. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभारात मराठीला स्थान दिल्यावर कचेऱ्यांना मराठी टंकलेखकांची निकड भासू लागली, आणि तालुक्याच्या गावी टंकलेखनाचे क्लास निघाले; तेथे मासिक फी भरून रोज तासभर यंत्र मिळे, मिनिटाला तीस वा चाळीस शब्दांची परीक्षा दिली जाई, परंतु घरी टंकलेखनयंत्र घ्यावे असे कोणाच्या मनातही येत नसे.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली आणि खानदेशाच्या शैक्षणिक जीवनाला निराळे वळण लागले. जळगावनजीक बांभोरी आणि यावल तालुक्यातील फैजपूर येथे त्याच वर्षी महाविद्यालये उघडली, धुळ्यातही अभियांत्रिकीचे शिक्षण आले, आणि ज्या शेतकरी कुटुंबातील मुलास याआधी पुण्याची वा मुंबईची वाट धरावी लागे, तो आता एस.टी.च्या पासावर अभियंता होऊ लागला. बसच्या टपावर वा दोन बाकांमधील वाटेत उभा करून ठेवलेला ड्रॉइंग बोर्ड आणि बगलेत ड्राफ्टर, हे दृश्य त्या दिवसांत सर्वांच्या परिचयाचे होते. ड्राफ्टर बहुधा नवा नसे. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी निम्म्या किमतीत तो खालच्या वर्गाच्या मुलास देई, आणि एकच ड्राफ्टर चार-पाच हातांतून फिरे.

संगणक मात्र प्रयोगशाळेतच राही, आणि त्या खोलीचे वर्णन थोडे विस्ताराने केले पाहिजे, कारण आजच्या मुलांना ते खरे वाटणार नाही. दाराशी चपलांची ओळ; आत जाजम; बाहेर एप्रिलचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना सबंध महाविद्यालयात वातानुकूलन असलेली बहुधा ती एकच खोली, आणि तेही विद्यार्थ्यांसाठी नव्हे तर यंत्रांसाठी. हिरव्या अक्षरांचा पडदा, ६४० किलोबाइट स्मृती, सव्वापाच इंची फ्लॉपी, तीत ३६० किलोबाइट मजकूर. प्रथम डॉसची फ्लॉपी घालून यंत्र जागे करावयाचे, मग ती काढून आपली घालावयाची. एका यंत्रापुढे दोन-तीन मुले आणि आठवड्याला एखादा तास, अशी विभागणी असल्याने आज्ञावली आधी घरी वहीत लिहून, मनातल्या मनात चालवून, तिच्यातील चुका पेन्सिलीने दुरुस्त करून न्यावी लागे. यंत्राच्या दुर्भिक्ष्याने त्या पिढीला विचार करून लिहिण्याची सवय लावली, आणि ही सवय त्या प्रयोगशाळेची मोठी देणगी होती असे माझे मत आहे. दुर्भिक्ष्याचे गुणगान मात्र मला करावयाचे नाही. आठवड्याच्या एका तासात शिकलेले पुढच्या आठवड्यापर्यंत विसरलेलीही पुष्कळ मुले होती.

केंद्र शासनाने १९८४ च्या अखेरीस नवे संगणक धोरण जाहीर केले, आयातीवरील बंधने सैल होत गेली आणि किमती उतरू लागल्या. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होऊन खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठापासून विलग झाली. पहिले कुलगुरू डॉ. निं. कृ. ठाकरे हे गणितज्ञ होते, ही गोष्ट नव्या विद्यापीठाच्या दृष्टीने भाग्याची मानली पाहिजे. १९९६ साली जळगावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. अभ्यासक्रमांत संगणकाचा विषय वाढत गेला, परंतु प्रयोगशाळेचे तास त्या मानाने वाढले नाहीत. आणि ही जी तफावत पडली, तीमधूनच विद्यार्थ्याच्या खोलीत स्वतःचा संगणक शिरला.

तो शिरला तो जुळवलेला, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दांत असेम्बल्ड. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये आणि धुळ्याच्या बाजारपेठेत मुंबईहून आणलेल्या सुट्या भागांची दुकाने थाटली गेली. ग्राहकाने सकाळी यादी द्यावी आणि दुकानदाराने त्याच्यासमोर खोके उघडून मदरबोर्ड बसवावा, तारा जोडाव्यात, विंडोज ९८ घालून द्यावे, हा व्यवहार तीस-चाळीस हजारांत होई. वडिलांना यातले काही कळत नसे, पण ते दिवसभर दुकानात बसून राहत, कारण एवढी रक्कम रोखीने मोजून दिलेली वस्तू डोळ्यांदेखत तयार होताना पाहणे त्यांना आवश्यक वाटे. कंपनीच्या तयार यंत्राहून हे यंत्र स्वस्त होते, पण केवळ स्वस्ताई हे त्याच्या प्रसाराचे कारण नव्हे. बिघडलेला भाग तेवढा बदलता येई, जुळवणारा माणूस त्याच गावात राही आणि चोपड्याचा वा साक्रीचा विद्यार्थी ते खोके एस.टी.त घालून परत आणू शके.

यंत्राचा खरा शत्रू वीज हा होता. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र असूनही खानदेशाची खेडी दीर्घकाळ अंधारात बसली. २००५ च्या आसपास राज्यात विजेचा तुटवडा कमालीचा वाढला तेव्हा ग्रामीण भागात बारा-बारा तासांचे लोडशेडिंग चाले. वीज येई तीही कधी एवढ्या कमी दाबाची की दिवा तांबूस जळे, आणि शेतीपंप एकदम बंद पडताच दाब एवढा वाढे की पॉवर सप्लाय जळून जाई. त्यामुळे संगणकासोबत स्टॅबिलायझर आणि यूपीएस घ्यावा लागे, आणि यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यात वर्ष-दोन वर्षांत बसे. यूपीएसची शिटी वाजू लागली की लिहिलेले जतन करून यंत्र बंद करण्यास पाच-सात मिनिटे मिळत. लॅपटॉप स्वस्त होताच या भागाने तो उचलला, याचे कारण मी येथेच शोधतो. मुंबईच्या विद्यार्थ्याने तो हलका म्हणून घेतला असेल. आमच्याकडील विद्यार्थ्याने तो वीज गेल्यावरही तीन तास चालतो म्हणून घेतला.

लिपीचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने देवनागरीच्या संकेतांचे प्रमाण ठरविले, पण बाजारात प्रत्येक फॉन्टची संकेतरचना वेगळी राहिली, आणि अहिराणी लोकगीतांवर प्रबंध लिहिणाऱ्यास एका डीटीपी केंद्रात केलेले टंकलेखन दुसरीकडे उघडता येत नसे. युनिकोड रुळल्यावर ही अडचण सरली. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या केंद्रांनी मराठीतून संगणक शिकविला आणि शासकीय नोकरीसाठी तो दाखला आवश्यक ठरला, म्हणून तालुक्याच्या गावीही यंत्रे पोहोचली. ही केंद्रे म्हणजे जुन्या टंकलेखन क्लासांचे नवे रूप होते, आणि साधन सामायिक ठेवण्याची रीत त्यांनी आणखी काही वर्षे टिकविली.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि ती रीत एका दिवसात मोडली. प्रयोगशाळेला कुलूप पडले; ज्याच्या घरी यंत्र त्याचे शिक्षण चालू, अशी स्थिती आली. बहुसंख्यांपाशी होता तो मोबाइल, तोही घरात एक. सातपुड्याच्या पाड्यांतील, शिरपूर, चोपडा, यावल तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यातील मुलांना रेंजसाठी टेकडी चढावी लागली. महाविद्यालये पुन्हा उघडली, परंतु विद्यार्थ्यापाशी स्वतःचे यंत्र असणारच हे गृहीत धरण्याची सवय मागे राहिली. २०२४ पासून राज्यशासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ केले, ही फार मोठी गोष्ट झाली. यंत्राची तरतूद मात्र तीत नाही, आणि फी न भरणाऱ्या घरावर पन्नास-साठ हजारांचा लॅपटॉप घेण्याची वेळ येते.

ती वेळही अवघड असते. प्रवेशाचा हंगाम आणि खरिपाच्या पेरणीचा हंगाम एकत्र येतात. बी-बियाणे आणि खते यांत हातचा पैसा गेलेला असतो, आणि कापसाचा पैसा दसरा-दिवाळीनंतरच दिसतो. अशा वेळी हप्त्याने घाईघाईत घेतलेले यंत्र बहुधा अभ्यासक्रमाशी जुळत नाही. माझा स्पष्ट सल्ला असा की पहिले सत्र महाविद्यालयाच्या यंत्रावर काढावे आणि शाखेची गरज समजल्यावर खरेदी करावी. कला-वाणिज्याच्या विद्यार्थ्यास ८ जीबी स्मृतीचे, एसएसडी असलेले साधे यंत्र चार वर्षे पुरते. संगणक शाखेस १६ जीबी हवी. स्थापत्य वा यंत्र शाखेने वेगळे ग्राफिक्स कार्ड पाहावे, आणि रेव्हिट, सॉलिडवर्क्स यांसारखी आरेखनाची सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात हे ध्यानी ठेवून मॅकच्या मोहात पडू नये. जुने यंत्र घेण्यास काहीच हरकत नाही, ड्राफ्टरची परंपरा आपल्याकडे आहेच. परंतु विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे यंत्र विंडोजसाठी विकत घेऊ नये, त्यावर लिनक्स घालून वापरण्याची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. आणि बॅटरी व कळफलक बदलून देणारा माणूस आपल्याच गावी आहे की नाही, हे किमतीच्याही आधी विचारावे.

पालकांनी एवढे करावे. उरलेले काम संस्थाचालकांचे आहे. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या माहितीपत्रकात कोणत्या शाखेस कोणत्या वर्षी कसले यंत्र लागेल ते स्पष्ट छापावे, आणि संगणकाची प्रयोगशाळा रात्री नऊपर्यंत व सुट्टीच्या दिवशीही उघडी ठेवावी. यंत्रे तेथे आहेत, वीज आहे, इंटरनेट आहे. लागेल तो एका सेवकाचा पगार, आणि येत्या सत्रापासून तेवढी मंजुरी व्यवस्थापनाने द्यावी.