दारावरची थाप : एका भयकथेचे नभोनाट्य

विल्यम वायमार्क जेकब्स या इंग्रज कथालेखकाचा जन्म १८६३ साली लंडनच्या वॉपिंग भागात, थेम्स नदीच्या धक्क्यांच्या सान्निध्यात झाला. त्याचे वडील एका धक्क्याचे व्यवस्थापक होते. स्वतः जेकब्सने १८९९ पर्यंत टपालखात्याच्या बचत बँकेत कारकुनी केली, आणि लिहिले ते बहुतेक सारे विनोदी. खलाशी, लहानसहान जहाजांचे कप्तान, त्यांच्या लबाड्या आणि त्यांची होणारी फजिती हा त्याचा हक्काचा प्रांत होता. अशा लेखकाच्या हातून १९०२ साली ‘द मंकीज पॉ’, म्हणजे ‘माकडाचा पंजा’, ही कथा उतरली. पुढे त्याचे विनोदी लेखन हळूहळू मागे पडले आणि ही एकच भयकथा त्याच्या नावाला चिकटून राहिली. मनुष्य इच्छितो एक आणि पदरात पडते भलतेच, हेच सांगणाऱ्या कथेच्या कर्त्यावर असा प्रसंग यावा, यात थोडी गंमत आहे खरी.

कथा लहान आहे. वस्तीपासून दूर, चिखलाच्या रस्त्यावरील एका घरात व्हाइट नावाचे वृद्ध दांपत्य आणि त्यांचा तरुण मुलगा हर्बर्ट राहत असतात. एका थंड, पावसाळी रात्री हिंदुस्थानात एकवीस वर्षे काढून परतलेला सार्जंट-मेजर मॉरिस त्यांच्याकडे येतो. त्याच्या खिशात माकडाचा एक वाळलेला पंजा असतो. मनुष्याचे आयुष्य नियतीच्या हाती असते व तिच्या कारभारात ढवळाढवळ करणारा पस्तावतो, हे दाखविण्यासाठी एका फकिराने तो मंतरलेला असतो. तीन माणसांना प्रत्येकी तीन इच्छा त्याच्याकडून पुऱ्या करून घेता येतात. पहिल्या धन्याची तिसरी इच्छा मरणाची होती, एवढेच मॉरिस सांगतो. तो पंजा आगीत टाकतो. म्हातारा तो झटकन बाहेर काढतो. घरावरील कर्ज फेडण्यापुरते दोनशे पौंड मागितले जातात. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस येतो. हर्बर्ट यंत्रात सापडून मेला आहे आणि मालकांनी भरपाई म्हणून दोनशे पौंड देऊ केले आहेत. पुत्रशोकाने वेडावलेली आई काही दिवसांनी नवऱ्याकडून दुसरी इच्छा वदवून घेते. मध्यरात्री दारावर थाप पडते. आई दाराकडे धावते, बाप तिसरी इच्छा करतो, आणि दार उघडते तेव्हा बाहेर कोणी नसते.

भारतीय वाचकाला या कथेतील फकिराविषयी कुतूहल वाटल्यावाचून राहत नाही. तो कथेत प्रत्यक्ष येत नाही. त्याचे नाव, गाव, पंथ काहीच सांगितलेले नाही. त्या काळच्या इंग्रज वाचकाला हिंदुस्थान हे गूढाचे कोठार वाटे, आणि तेथून आलेल्या वस्तूविषयी अधिक खुलासा मागण्याची त्याला गरज भासत नसे. मात्र वरातच अनर्थ दडलेला असतो ही कल्पना भस्मासुराची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला नवी नाही. फरक एवढाच, की पुराणात वर देणारा देव समोर उभा असतो. त्याच्या पायांवर लोळण घेता येते, उःशाप मागता येतो. जेकब्सच्या घरात दाद मागावी असे कोणीच नाही. आहे तो एक वाळका पंजा, आणि तो बोलत नाही.

मारकोनीच्या यंत्राचा उपयोग अजून तारायंत्राच्या खुणांपुरताच होता, त्या काळात ही कथा लिहिली गेली. तरीही तिचा शेवटचा भाग जणू कानासाठीच रचला आहे. मेणबत्ती विझते. घड्याळाची टिकटिक ऐकू येते. जिन्याची पायरी करकरते, भिंतीत उंदीर पळतो. म्हाताऱ्याच्या हातून आगकाड्या खाली पडतात. नंतर दारावर एक थाप पडते, इतकी हलकी की ती पडली की नाही याचीच शंका यावी. मग दुसरी, मग साऱ्या घरात घुमणारी तिसरी. साखळी खळखळते, खालची कडी जड हाताने सरकते, आणि वरच्या कडीला हात पोहोचत नाही म्हणून आई खुर्ची ओढते. अंधारात लेखकाजवळ डोळे नाहीत. आहेत ते फक्त कान. पहिल्या इच्छेच्या वेळीही हर्बर्ट गमतीने पियानोवर मोठा स्वरमेळ वाजवतो आणि त्यातच बापाची किंकाळी मिसळते, कारण पंजा हातात सापासारखा वळवळलेला असतो. पंजाचे वळवळणे दिसत नाही, किंकाळी ऐकू येते. नभोनाट्य लिहिणाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवे?

परंतु सोपेपणाचा हा भास फसवा आहे. कथा प्रथम रंगभूमीवर गेली तेव्हाच अडचण दिसून आली. लुई एन. पार्कर याने तिची एकांकिका केली आणि १९०३ साली लंडनच्या हेमार्केट रंगमंदिरात ती झाली. मूळ कथेत म्हातारा तिसरी इच्छा करतो एवढेच जेकब्स सांगतो. तिचे शब्द तो सांगत नाही. वाचक ते मनात भरतो, आणि भरता भरता बापाच्या अपराधात स्वतःही सहभागी होतो. रंगमंचावर नटाने नुसते ओठ हलवून भागत नाही. पार्करने म्हाताऱ्याच्या तोंडी शब्द घातले: मुलगा मरावा व त्याला शांती लाभावी. प्रेक्षकांना सारे स्पष्ट कळले, पण वाचकाने मनात उच्चारायचे शब्द नटाने उच्चारून टाकले. मूक इच्छेला वाचा देण्याची किंमत काय, हा प्रश्न तेथे उभा राहिला व पुढे ध्वनिक्षेपकासमोर अधिकच तीव्र झाला.

नभोवाणीने अंधाराचे सामर्थ्य फार लवकर ओळखले होते. रिचर्ड ह्यूजचे ‘डेंजर’ हे बी.बी.सी.ने जानेवारी १९२४ मध्ये प्रक्षेपित केलेले नाटक, मुद्दाम नभोवाणीसाठी लिहिलेले पहिले इंग्रजी नाटक मानले जाते. ते कोळशाच्या खाणीत घडते. दिवे विझलेले असतात, आणि श्रोत्यांनीही घरातले दिवे मालवून ऐकावे अशी सूचना देण्यात आली होती. अमेरिकेत १९३४ साली शिकागोहून ‘लाइट्स आउट’ ही मध्यरात्रीची भयनाट्ये सुरू झाली, १९४१ मध्ये ‘इनर सँक्टम’ने करकरणारे दार आपली खूण म्हणून घेतले, १९४२ पासून ‘सस्पेन्स’ ही मालिका वीस वर्षे चालली. तिच्यासाठी लिहिणारा जॉन डिक्सन कार यानेच १९४३ साली बी.बी.सी.वर ‘अपॉइंटमेंट विथ फिअर’ आणले, आणि काळ्या वेषातील निवेदक म्हणून व्हॅलेंटाइन डायलचा खर्जातला आवाज घरोघरी पोहोचला. ‘लाइट्स आउट’च्या कारागिरांनी कोबी चिरून डोके तुटल्याचा आवाज काढला, त्याची वर्णने आजही चवीने सांगितली जातात. ती कारागिरी होती, यात शंका नाही. पण कोबीचा आवाज ऐकून येते ती किळस. दारावरच्या थापेची भीती वेगळ्या जातीची आहे.

ती का वेगळी, हे एडगर ॲलन पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’ या १८४३ सालच्या कथेवरून चांगले समजते. तिच्यातील खुनी माणसाला जमिनीखाली पुरलेल्या म्हाताऱ्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. समोर बसलेल्या पोलिसांना ते येतात की नाही, हे वाचकाला निश्चित कळत नाही. ही कथा १९४१ मध्ये बोरिस कार्लॉफला घेऊन ‘इनर सँक्टम’वर सादर झाली, आणि इतरांनीही ती अनेकदा केली. प्रत्येक रूपांतरकाराला एकच प्रश्न पडतो: ठोके ऐकवावेत की नाही? ऐकवले तर श्रोता खुन्याच्या डोक्यात जाऊन बसतो. न ऐकवले तर तो पोलिसांच्या पंक्तीला बसून एका वेड्याला पाहतो. छापील पानावर दोन्ही जागा एकाच वेळी राखता येतात. नभोवाणीवर आवाज एकदा सुटला की तो घडलेली गोष्ट होऊन बसतो. तेथे शंकेला जागा ठेवावयाची तर कोणता आवाज कोणाच्या कानाने ऐकवायचा, आणि कोणता मुळीच ऐकवायचा नाही, हे आधी ठरवावे लागते. भयकथेच्या रूपांतरातील खरे कष्ट येथे आहेत.

‘माकडाच्या पंजा’तील पहिली थाप याच कारणाने अवघड आहे. ती फक्त बापाला ऐकू येते. तो वर पळून येतो. आई विचारते हा कसला आवाज, आणि तो उंदीर म्हणून सांगतो. ही लबाडी कथेचा कणा आहे, कारण मुलगा परत यावा असे आईला वाटते आणि काय परत येईल हे बापाला ठाऊक आहे. त्याने एकट्यानेच प्रेत ओळखले होते, तेही केवळ कपड्यांवरून. हे वाक्य तो बायकोला सांगतो तेव्हा नाटक खऱ्या अर्थाने सुरू होते. त्यानंतर ध्वनिविभागाने काही करण्याची गरज उरत नाही. दाराबाहेर काय उभे आहे त्याचे चित्र श्रोता स्वतः काढतो, आणि ते कोणत्याही कोबीपेक्षा भयंकर असते. म्हणून हे वाक्य आरडाओरड्यात बुडू देणारा दिग्दर्शक आपल्या हाताने नाटक मारतो असेच म्हणावे लागेल. पहिली थाप श्रोत्याने ऐकावी, पण आपण ऐकली अशी त्याची खात्री होऊ नये. म्हणजे तोही बापाबरोबर उंदराचे निमित्त शोधू लागेल.

आपल्याकडे रूपांतराचा प्रश्न आणखी एका बाजूने येतो. आकाशवाणीने १९५६ साली नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा एकच नाटक निरनिराळ्या केंद्रांवरून निरनिराळ्या भाषांत जाऊ लागले. अशा वेळी परकी कथा देशी वेषात आणावी, असा मोह साहजिकच होतो. व्हाइटांचे बिऱ्हाड एखाद्या गिरणगावात न्यावे, पौंडांचे रुपये करावेत, सार्जंटऐवजी तीर्थयात्रेहून आलेला मामा आणावा, इथपर्यंत ठीक. पण हर्बर्टला दोन मैलांवरच्या दफनभूमीत पुरले आहे. हिंदू घरातला मुलगा असता तर त्याचे दहन झाले असते. मग त्या रात्री चालत यावयास देहच उरत नाही! बापाने पाहिलेले ते छिन्नविच्छिन्न शरीर राख झालेले असते, आणि त्याबरोबर कथेतली मुख्य भीतीही.

विलक्षण योग असा, की मुलाला जाऊन दहा दिवस झाले असे बाप कथेत बोलून दाखवतो. इंग्रज वाचकाला या आकड्याचे काहीच वाटत नाही. मराठी घरात मात्र दहावा दिवस म्हणजे पिंड, आणि कावळा शिवतो की नाही याची जीवघेणी वाट. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असे मानतात, आणि नातेवाईक हात जोडून वचने देत बसतात. म्हणजे कथा पार उलटी होते: तेथे जिवंतांची इच्छा मृताला ओढून आणते, येथे मृताची इच्छा जिवंतांना बांधून ठेवते. यावर एक उत्तम नाटक लिहिता येईल. पण ते जेकब्सचे नव्हे. जेकब्सचे करावयाचे तर घर इंग्लंडातच राहू द्यावे, नाहीतर वसई किंवा गोव्याकडील एखादे ख्रिस्ती घर निवडावे, जेथे आई दफनभूमीची वाट रोज डोळ्यांपुढे ठेवून बसलेली असेल.

तिसऱ्या इच्छेचे काय करावे, हे त्यानंतरही शिल्लक राहतेच. वेताळपंचविशीतला राजा बोलला की वेताळ झाडाला जाऊन लोंबकळतो; येथे म्हातारा बोलला की थाप थांबते. नभोवाणीला पार्करपेक्षा एक सोय अधिक आहे. नटाचे तोंड दिसत नसल्यामुळे म्हाताऱ्याची धापा टाकीत केलेली कुजबुज थापांच्या भडिमाराखाली दडपता येते. शब्द उच्चारले गेले एवढे कळावे, कोणते ते न कळावे. आणि भडिमार मध्येच तुटावा. त्या शांततेत खुर्ची सरकल्याचा आवाज यावा, कडी निघावी, वारा आत शिरावा. मग आईचा तो दीर्घ आक्रोश.

यापुढे जेकब्सने एक दृश्य ठेवले आहे: समोरच्या रस्त्यावर दिवा मिणमिणत आहे आणि रस्ता निर्मनुष्य आहे. दिवा ऐकू येत नाही. निवेदकाने येऊन रस्ता मोकळा असल्याचे सांगावे, तर इतका वेळ बंद खोलीत बसलेल्या श्रोत्याला एक तिऱ्हाईत येऊन बाहेर काढतो. आईच्या तोंडी घालावे, तर त्या क्षणी ती रस्त्याचे वर्णन करील हे संभवत नाही. मूळ कथेत त्या आक्रोशाने म्हाताऱ्याला धीर येतो, आणि तो धावत तिच्याजवळ व तेथून फाटकापर्यंत जातो. रूपांतरकाराने त्या पावलांचाच आधार घ्यावा. जिन्यावरून, दारातून, खडीवरून ती फाटकापर्यंत जातील आणि तेथे थांबतील. वाऱ्याखेरीज काही ऐकू येऊ नये.